बंद लेथ पुन्हा चालवायचा असेल तर: आधी माप, मग पाना

बडोद्यात जुना लेथ, म्हणजे जॉब (कापायचा धातूचा तुकडा) फिरवून कापणारं मशीन, मिळणं अवघड नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एखादी शेड रिकामी होते, प्रतापनगरकडची एखादी घरगुती वर्कशॉप पुढची पिढी बंद करते, आणि वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभं असलेलं मशीन भंगाराच्या वजनावर विकायला निघतं. घेणाऱ्याला वाटतं, लोखंडाच्या भावात लेथ पदरात पडला. कधी तो खरोखरच पडतो. कधी मात्र लोखंडच पदरात पडतं.

हा फरक पाहण्याच्या वेळीच कळू शकतो, आणि तो कळावा म्हणून हा लेख. साधारण साडेचार ते सहा फुटी बेडचा (बेड म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब ओतीव पाया), राजकोट, बटाला किंवा लुधियाना इथला, नाहीतर हरिहरचा जुना किर्लोस्कर, असा कुठलाही सेंटर लेथ डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. पट्ट्यावर चालणारा कोन (पायऱ्यांच्या) पुलीचा असो किंवा गिअरने वेग बदलणारा ऑल गिअर हेडचा, तपासायचा क्रम तोच.

माझं सगळ्यात ठाम मत आधीच सांगतो. लेथची किंमत दोनच ठिकाणी असते, बेडमध्ये आणि स्पिंडलमध्ये, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्यात. बाकीचं बहुतेक सगळं बदलता येतं, बाजारात मिळतं, किंवा थोडी कळ काढली तर त्याच लेथवर बनवता येतं. नवीन माणूस मात्र रंग आणि गंज पाहून निर्णय घेतो. गंज वरवरचा असतो, तो निघतो. झीज डोळ्यांना दिसत नाही आणि ती निघतही नाही. म्हणून एकही बोल्ट सैल करण्याआधी मोजायचं.

बघायला जाताना

बरोबर न्यायचं सामान थोडं आहे: चांगली बॅटरी, ०.०१ मिमीपर्यंत मोजणारा सुईचा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, फट मोजायचा फीलर गेज, तेलाचा कॅन, भरपूर चिंध्या, हातभर लांबीचा मजबूत लाकडी दांडा, वही आणि पेन. डायल उसना मिळाला तर उत्तम, पण त्याशिवाय जाऊ नका.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. मशीन बंद का पडलं ते विचारा. "काम संपलं", "कारीगर गेला", "सीएनसी घेतलं" ही चांगली उत्तरं. "चालताना आवाज यायला लागला म्हणून ठेवून दिलं" हे उत्तर मिळालं तर हेडस्टॉककडे (स्पिंडल धरणाऱ्या टोकाकडे) जास्त वेळ द्या. मशीनवर काय बनायचं तेही विचारा. दिवसभर एकाच लांबीच्या पिना काढणाऱ्या लेथचा बेड एकाच वीतभर जागेत खाल्लेला असतो. ओतकामाचे जॉब, म्हणजे कास्ट आयर्न, सतत चालवलेल्या मशीनचा बेडही लवकर झिजतो, कारण त्याचा बारीक चुरा तेलात मिसळून घासतो.

बडोद्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: मशीन पुरात होतं का? विश्वामित्रीचं पाणी २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात शिरलं, आणि कित्येक दुकानांतली, शेडमधली यंत्रं पाण्यात गेली. पाण्याची रेघ बहुतेक वेळा सापडते: स्टँडच्या आतल्या बाजूला, चिप ट्रेच्या खाली, स्टार्टरच्या डबीत. पाणी फक्त पायापर्यंत आलं असेल तर मोटर सोडून फारसं काही बिघडत नाही. एप्रनपर्यंत (टूल सरकवणाऱ्या गिअरच्या पेटीपर्यंत) आलं असेल तर आत गाळ बसलेला असणार, आणि पुराचा गाळ हा अतिशय बारीक घासपावडरच असतो. असं मशीन एक इंचही फिरवायचं नाही, सरकवायचं नाही. आधी पूर्ण उघडून धुणं भाग आहे. ते करायची तयारी असेल तरच पुढे जा, आणि भावही त्या हिशोबाने करा.

बेड

बेडवरची धूळ आणि जुनं घट्ट झालेलं तेल चिंधीनं पुसा, नवं तेल लावा, मग बॅटरी आडवी धरून बघा. चकच्या (जॉब पकडणाऱ्या पंजाच्या) अगदी जवळ, जिथं टूल वाहणारं सॅडल कधी पोचत नाही तिथं, आणि टेलस्टॉकच्या (जॉबला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या भागाच्या) टोकाला कारखान्यातल्या स्क्रेपिंगच्या किंवा ग्राइंडिंगच्या खुणा अजून दिसतील. मधला भाग गुळगुळीत आणि चकचकीत असेल. सॅडलच्या वाटेच्या कडेवर अंगठ्याचं नख आडवं ओढा. नख अडकलं तर पायरी पडली आहे. नख अगदी थोडी पायरीही पकडतं, त्यामुळे नुसतं अडकलं म्हणून घाबरू नका. पायरी किती आहे ते डायल सांगेल.

डायल लावायचा तो असा. टेलस्टॉक ज्या आतल्या पट्ट्यांवर सरकतो त्या वेगळ्या असतात आणि बऱ्याच लेथवर फार कमी झिजतात. स्टँड सॅडलवर बसवा, डायलची टोच या आतल्या सपाट पट्टीवर ठेवा, आणि सॅडल हाताने टेलस्टॉककडून चककडे हळूहळू आणा. टोच जिथं आत दाबली जाऊन सुई पुढे चढते तिथं सॅडल खड्ड्यात गेलं आहे. दर १०० मिमीला आकडा लिहून घ्या. दुसरी फेरी पुढच्या आणि मागच्या बाजूला वेगवेगळी करा.

पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी मोजायला सांगतो आहे त्याला कारण आहे, आणि ते नीट समजलं तर अर्धे वाईट निर्णय टळतील. समजा पुढच्या आणि मागच्या दोन्ही वाटा सारख्याच ०.१ मिमी खाली गेल्या. टूल सरळ ०.१ मिमी खाली उतरलं. २० मिमी व्यासाच्या जॉबवर याचा परिणाम किती? त्रिज्या १० मिमी, टूल ०.१ मिमी खाली. पायथागोरसने हिशोब केला तर व्यासात फरक पडतो सुमारे ०.००१ मिमी. म्हणजे काहीच नाही. आता समजा फक्त पुढची व्ही वाट ०.१ मिमी झिजली आणि मागची नाही. सॅडल पुढे, म्हणजे चालवणाऱ्याकडे, कलतं. दोन वाटांत २५० मिमी अंतर आणि सेंटरची उंची बेडपासून २०० मिमी असेल तर टूल जॉबपासून ०.०८ मिमी दूर जातं, आणि व्यास ०.१६ मिमीने मोठा येतो. झीज दोन्हीकडे ०.१ मिमीचीच, पण एक मशीन वर्षानुवर्षं काम देईल आणि दुसऱ्यावर बेअरिंगची बैठक काढता येणार नाही.

प्रत्यक्षात पुढची वाट नेहमीच जास्त झिजते, कारण कापण्याचा जोर तिथं पडतो. तेव्हा दोन बाजूंमधला फरक किती, हे तुमचं खरं माप. घरच्या, छंदाच्या किंवा दुरुस्तीच्या कामासाठी चकजवळच्या ३०० मिमीत हा फरक ०.०३ ते ०.०५ मिमीच्या आत असेल तर मी ते मशीन निश्चिंतपणे घेईन. त्याच्या दुप्पट असेल तरी बुश, पुल्या, पिना यांसारखी आखूड कामं होतील. त्यापलीकडे बेड ग्राइंडिंगचा खर्च धरूनच भाव करा.

डायल लावायला जागा किंवा सवड नसेल तर एक जुनी, साधी परीक्षा आहे. सॅडलचा गिब (फट कमी-जास्त करायची पट्टी) चकजवळ असा कसा की सॅडल घट्टसर पण हाताने सरकेल. मग सॅडल टेलस्टॉककडे न्या. शेवटपर्यंत गेलं तर झीज कमी. मध्येच जाम झालं तर जास्त. जिथं अडकलं ती जागा खडूने खूण करून ठेवा.

स्पिंडल

हेडस्टॉकच्या बेअरिंगमध्ये आधी तेल सोडा आणि थोडा वेळ जाऊ द्या. कोरडं स्पिंडल फिरवून बघणं म्हणजे तपासण्याच्या नावाखाली ते बिघडवणं. मग बॅक गिअर (वेग कमी करणारी गिअरची जोडी) सोडवून, पट्टा ढिला करून चक हाताने फिरवा. फिरणं सलग हवं. एखाद्या जागी जड, एखाद्या जागी हलकं लागलं तर स्पिंडल वाकलेलं असू शकतं किंवा रोलर बेअरिंगच्या वाटेत गंजाचे खड्डे पडलेले असू शकतात.

आता स्टँड हेडस्टॉकच्या ओतीव अंगावर बसवा, डायलची टोच स्पिंडलच्या नाकावर वरून टेकवा. लाकडी दांडा चकच्या खाली घालून बेडवर टेकू देऊन वर उचला, सोडा, पुन्हा उचला. सुई किती हलते ते बघा. गनमेटलच्या किंवा व्हाइट मेटलच्या साध्या बेअरिंगमध्ये ०.०३ ते ०.०५ मिमी हलणं ठीक आहे, कारण तेलाच्या थरासाठी तेवढी फट लागतेच. टेपर रोलर बेअरिंग असेल तर ०.०१ मिमीच्या वर जाता कामा नये. जास्त असेल तर लगेच हिरमुसू नका. साध्या बेअरिंगच्या कॅपखाली बहुधा शिमा, म्हणजे पातळ पत्रे, असतात, त्यातली एक पातळ शिम काढून फट कमी करता येते. काही मशीनवर मागचा नट आवळून टेपर बुश आत ओढायचा असतो. रोलर बेअरिंगलाही मागे ॲडजस्टिंग नट असतो. नटाने किंवा शिमेने सुटणारी फट हा दोष नाही. स्पिंडलच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर) खोल रेघा असतील, बुश एका बाजूला खाऊन लंबगोल झाला असेल, तो दोष.

चक काढता आला तर नाकाच्या आतल्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) डायल लावून स्पिंडल फिरवा. इथं सुई ०.०१ मिमीच्या आसपासच हलली पाहिजे. चकमध्ये रॉड पकडून ही परीक्षा करू नका. जुन्या तीन जॉ चकमध्ये ०.१ मिमीचा आउट (जॉब केंद्रातून हलणं) असणं नेहमीचं आहे, आणि तो चकचा दोष आहे, स्पिंडलचा नाही. कित्येक चांगली मशीनं या एका गोंधळामुळे नाकारली जातात.

बाकीचं सामान

इथं मी भरभर जातो, कारण इथला जवळजवळ प्रत्येक दोष सुधारता येतो.

बॅक गिअरचे दात मोजा, तुटलेले बघा. चेंज गिअरचा (आट्याचं माप बदलायच्या गिअरचा) पूर्ण सेट आहे का ते विचारा आणि प्रत्येकाचे दात मोजून लिहा. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची असेल तर मेट्रिक आटे अचूक पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो. तो असेल तर मोठं काम झालं. हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) लावून लीड स्क्रूवर सॅडल पुढे-मागे ढकला. हाफ नटचे आटे झिजून टोकदार झाले असतील तर नवा नट करून घ्यावा लागेल. टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव फेऱ्यापर्यंत मोकळी चाल असली तरी चालेल, कारण टूल नेहमी एकाच बाजूने आत नेलं तर ती मापात येत नाही, आणि तिथला गनमेटलचा नट स्वस्तात होतो. टेलस्टॉकचं सेंटर हेडस्टॉकच्या सेंटरसमोर आणून बघा. खाली वाटलं तर तळाला शिम घालून उचलता येतं.

हँडलवरची डायल कॉलर (आकड्यांचं कडं) इंची असेल तर त्यावरची एक रेघ बहुधा एक थाउची (इंचाच्या हजाराव्या भागाची), म्हणजे ०.०२५४ मिमीची. कामाला काही अडत नाही, फक्त सवय करावी लागते.

हेडस्टॉकचं किंवा एप्रनचं ओतीव घर तडकलेलं असेल, जुनं वेल्डिंग किंवा ब्रेझिंग दिसत असेल, तर मी तिथूनच परत फिरेन.

घरी आणताना

सहा फुटी लेथ एक टनाच्या पुढे असतो, हलका साडेचार फुटीसुद्धा अर्ध्या टनाच्या आसपास, आणि बहुतेक वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या बाजूला. त्यामुळे तो कलंडतो. सॅडल आणि टेलस्टॉक शेवटच्या टोकाला नेऊन जाम करा म्हणजे तोल थोडा मधोमध येतो. पट्टा नेहमी बेडखालून घ्या. लीड स्क्रू, फीड रॉड किंवा स्पिंडलला पट्टा अडकवून उचललेली मशीनं मी पाहिली आहेत. एकदा लीड स्क्रू वाकला की सॅडल दर फेऱ्याला हेलकावे घेतं आणि आटा कधीच नीट येत नाही. पट्ट्याच्या आणि स्क्रूच्या मध्ये लाकडी ठोकळे घाला. जमिनीवर सरकवायला पाइपचे तुकडे आणि पहार पुरते, घाई मात्र चालत नाही. क्रेनवाल्याला पैसे वाचवण्यासाठी टाळू नका.

उघडणं

मोबाइलने आधी सगळीकडून फोटो काढा, विशेषतः चेंज गिअरची मांडणी, एप्रनच्या आतल्या बाजूच्या लिव्हर आणि वायरिंग. प्रत्येक गटाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. शिमा आणि त्यांच्या जागा सर्वांत आधी लिहा. बेअरिंगची शिम हरवली तर ती जाडी पुन्हा अंदाजाने शोधावी लागते.

आणि जे चालतंय ते उघडू नका. हेडस्टॉकचं झाकण काढा, जुनं तेल सोडा, तळाशी काय आहे ते बघा. पाणी असेल तर ते तेलाखाली साचतं, प्लग ढिला केल्यावर आधी तेच बाहेर येतं. तेल दुधाळ असेल तरी पाणीच. पितळी चमक दिसली तर बुश झिजतो आहे. यातलं काही नसेल, गिअर स्वच्छ असतील आणि स्पिंडलची परीक्षा पास झाली असेल, तर डिझेलने धुवा, कोरडं करा, नवं तेल भरा आणि झाकण लावा. स्पिंडल बाहेर काढण्याचा मोह आवरा. एप्रनचं मात्र उलट आहे. तो खालच्या बाजूला असतो, सगळी घाण तिथं जमते, म्हणून तो पूर्ण उघडून धुवावाच.

धुवायला पेट्रोल नको, आगीची भीती आहे. डिझेल किंवा रॉकेल पुरतं.

आट्यावर बसणारा चक जाम झाला असेल तर बहुतेक लोक बॅक गिअर आणि पुलीची पिन दोन्ही एकदम लावून स्पिंडल जाम करतात आणि चकवर हातोडा मारतात. त्यात बॅक गिअरचा दात उडतो, आणि जुन्या ओतीव गिअरचा दात पुन्हा बसवणं महाग पडतं. त्याऐवजी चकच्या मागच्या सांधीत डिझेल आणि तेल सोडून रात्रभर ठेवा. मग एका जॉच्या खाली बेडवर उभा लाकडी ठोकळा ठेवा आणि पट्ट्याने किंवा पुलीने स्पिंडल हातानेच उलटं फिरवून जॉ ठोकळ्यावर आपटू द्या. थोडं गरम करायला हवं असेल तर फक्त चकची मागची प्लेट तापवा, स्पिंडल नको. खाली बेडवर जाड फळी ठेवायला विसरू नका, चक सुटतो तेव्हा सावधान करत नाही.

गंज काढताना

बेडच्या आणि स्लाइडच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर ग्राइंडर, वायर व्हील, कानस, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका. या लेखातली सर्वांत महत्त्वाची मनाई हीच. पॉलिश पेपरचा दाणा ओतीव लोखंडाच्या छिद्रांत रुतून बसतो आणि पुढे प्रत्येक सरकण्याबरोबर बेड खातो. तेल लावून दाढीच्या ब्लेडसारखं पातळ, सरळ पातं आडवं धरून गंज खरवडा. पातं सपाट असल्यामुळे ते उंचवट्यावरचा गंज काढतं आणि मूळ धातूला हात लावत नाही. मग पितळी ब्रश आणि तेल. बोचे (आपटून वर आलेल्या कडा) उठले असतील तर तेलदगड सपाट धरून फक्त बोचा खाली आणा, बाजूची जागा नको. गंजाचे काळे डाग आणि बारीक खड्डे राहतील. राहू द्या. खड्ड्यात तेल साचतं, सॅडल उंचवट्यावर चालतं.

हँडल, कव्हर, गिअर गार्ड, बोल्ट यांच्यासाठी सायट्रिक ॲसिड स्वस्त आणि सोयीचं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, काही तास बुडवून ठेवा, मध्ये ब्रश मारा. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच तेल लावा. स्प्रिंगा आणि बेअरिंग यात घालू नका. कठीण केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं.

मोठ्या भागांसाठी विजेने गंज काढता येतो. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, उणे टोक गंजलेल्या भागाला, अधिक टोक साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा कधीही घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटत असतो म्हणून हे उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको.

पावसाळ्यात एक दिवसात जेवढं कोरडं करून तेलात ठेवता येईल तेवढंच धुवा. उघडं, धुतलेलं ओतीव लोखंड दमट हवेत रातोरात लाल होतं.

रंग शेवटी. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

बेडची झीज घालवायची का?

आकडे चांगले असतील तर नाही. वाईट असतील तर दोन वाटा आहेत: बेड ग्राइंडिंग करून घेणं, किंवा ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून हाताने स्क्रेपिंग, म्हणजे उंचवटे खरवडून काढणं. ग्राइंडिंगने बेड खाली जातो, त्याबरोबर सॅडल आणि एप्रनही खाली येतात, आणि मग लीड स्क्रू हाफ नटच्या रेषेत राहत नाही. ग्राइंडिंग करणाऱ्याला आधीच विचारा की सॅडलखाली पट्टी चिकटवून उंची परत आणून देणार का. नुसतं बेड ग्राइंड करून परत आलेलं मशीन अर्धवट काम असतं.

स्क्रेपिंग हे हाताचं आणि डोळ्याचं काम आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हापासून या शहरात यंत्रकाम शिकवलं जातं आहे. निवृत्त फिटरकाकांपैकी कुणी जवळ असतील तर त्यांना भेटा. त्यांना नमस्कार करून, मशीनचे आकडे लिहिलेली वही त्यांच्यापुढे ठेवलीत तर ते कुठं हात लावायचा आणि कुठं नाही ते सांगतील. पहिल्यांदाच बेडवर स्क्रेपर चालवू नका. क्रॉस स्लाइडच्या गिबवर शिका.

मोटर

बरीच वर्षं बंद असलेली मोटर थेट लाइनला लावायची नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर उघडून, धूळ झाडून, हलक्या उष्णतेने वाळवा आणि पुन्हा मोजा. तरीही येत नसेल तर रिवाइंडिंग. बेअरिंग बदलून टाका, ती महाग नसतात. जुनी वायर, कापडी इन्सुलेशन, काडीने दाबलेला स्टार्टर हे सगळं नवं घ्या, ओव्हरलोड रिले नीट सेट करा आणि अर्थिंगला तडजोड नको. हे काम वायरमनकडून करून घ्या.

घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) वापरता येतो. तो २३० व्होल्टची तीन फेज देतो, म्हणून मोटर त्या व्होल्टेजवर जोडली पाहिजे. आपल्याकडच्या ३ एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून त्या डेल्टात करता येतात, पण आधी नेमप्लेट वाचा. चक आट्यावर बसणारा असेल तर व्हीएफडीचं जोरदार ब्रेकिंग आणि झटक्यात रिव्हर्स बंद ठेवा, चक स्वतःच उलगडून बाहेर येऊ शकतो.

पहिल्यांदा चालू करताना

सगळ्या तेलाच्या भोकांतून तेल खाली पोचतंय का ते बघा. वर ओतलं म्हणजे पोचलं असं नाही, वाती आणि नळ्या घट्ट झालेल्या असतात. बेडसाठी ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल. ग्रीस बेडवर नको, ते चुरा धरून ठेवतं. सॅडलच्या टोकाचे जुने फेल्ट बदला.

जॉ आत घेऊन घट्ट करा, चकची चावी बाहेर काढून ठेवा, बाह्या वर करा, हातमोजे काढा, ओढणी किंवा सुटे केस बांधा. बॅक गिअरवर, सर्वांत कमी वेगावर दहा-पंधरा मिनिटं. हेडस्टॉकच्या बेअरिंगवर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर बंद करा, फट फार कमी झाली आहे किंवा तेल पोचत नाही. साध्या बेअरिंगचं मशीन फार वेगात पळवायचं नसतं, व्हीएफडीने ते शक्य होतं म्हणून करू नका. २५ मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा रॉड हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला २५ मीटरने कापायचा तर सुमारे ३२० फेरे पुरतात, आणि तो वेग कोन पुलीच्या लेथवर मिळतो.

लेव्हल आणि पहिली पासिंग

मशीन आडव्या पातळीत असणं गरजेचं नाही, पिळलेलं नसणं गरजेचं आहे. ०.०२ मिमी प्रति मीटरची लेव्हल बेडवर आडवी ठेवा, आधी हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉकच्या टोकाला, न झिजलेल्या पट्ट्यांवर. दोन्हीकडे बुडबुडा सारख्याच जागी असेल तर पीळ नाही. नसेल तर पायाखालचे लेव्हलिंग बोल्ट किंवा शिमा बदला.

मग खरी परीक्षा. ३० ते ४० मिमी जाडीचा रॉड चकमध्ये पकडा, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग थोडा खाली करून दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) सोडा. धारदार टूलने, टूल न हलवता, दोन्ही कॉलरवर एकच हलका पास घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टूल त्या टोकाला जॉबपासून दूर आहे, तेव्हा टेलस्टॉकच्या टोकाचा पुढचा पाय किंचित उचला. लहान आली तर तोच पाय खाली घ्या. दोन व्यासांत ०.०२ मिमीपेक्षा कमी फरक राहिला तर या मशीनवर मन लावून काम करा. त्यानंतरच टेलस्टॉक लावून ३०० मिमीचा रॉड दोन सेंटरमध्ये पकडा आणि टेलस्टॉक आडवा सरकवून टेपर घालवा. क्रम उलटा केला तर बेडचा पीळ टेलस्टॉकच्या चुकीने झाकला जातो. फेसिंगही बघा: २०० मिमीची प्लेट फेस करून त्यावर सरळपट्टी ठेवा. मधोमध केसभर खोलगट असेल तर ठीक, फुगीर असेल तर क्रॉस स्लाइड किंवा हेडस्टॉक सरळ नाही.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फरशी तिच्याबरोबर हलते, आणि फरशीबरोबर लेथचा बेड. जाड काँक्रीटचा पाया नसेल तर जूनमध्ये बरोबर असलेलं मशीन सप्टेंबरमध्ये टेपर कापू लागतं. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस थांबल्यावर, लेव्हल पुन्हा ठेवा आणि दोन कॉलरची परीक्षा पुन्हा करा. खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून पूजेला ठेवायचंच असतं. त्याच दिवशी बेडवर लेव्हल ठेवून बुडबुडा कुठं आहे ते वहीत तारखेसह लिहून टाका.